सापडल्याचं ठिकाण

नावं मी ठेवत नाही.
वहीत तिसरा रकाना आहे, 'सापडल्याचं ठिकाण',
तेच पुढे चिकटतं.
म्हणून आत्ता माझ्या घरात स्वारगेट झोपलेली आहे,
पद्मावतीला जुलाब लागलेत,
आणि बिबवेवाडी, एका डोळ्याचा बोका,
फ्रिजवर बसून उरलेल्या डोळ्यानं
सगळ्यांची हजेरी घेतो.

साडेपाचला पहिला कुकर त्यांचा.
कणी, हळद, कोंबडीचे पाय. मीठ नाही.
नख्या पाण्यावर येतात तेव्हा मी खिडकीबाहेर बघते.
अकरा वर्षं झाली, अजून बघते.
शिट्टी झाली की सगळं घर उभं राहतं.
दुसरा कुकर आमचा.
त्याला कुणी उठत नाही, हेसुद्धा नाहीत.

पनीरमध्ये गोळी लपवून दिली
तर पद्मावती पनीर खाते
आणि गोळी स्वच्छ चाटून माझ्या पायाशी ठेवते,
जणू माझंच काहीतरी पडलं होतं.

नऊपासून शिवण.
अस्तराच्या उरलेल्या पट्ट्या बँडेजला बऱ्या पडतात.
स्वारगेटच्या मागच्या पायांत जीव नाही,
झोपते मात्र नेमकी मशीनच्या पायडलवर.
दोन महिने तिला उचलून बाजूला ठेवलं,
मग मशीनला मोटर बसवून घेतली.
परवा बेहेरेबाईंच्या पैठणीच्या ब्लाउजवर केस निघाला.
बोलल्या काहीच नाहीत,
चिमटीत धरून उजेडात दाखवला फक्त.

सोसायटीच्या फळ्यावर माझं नाव नाही.
'तळमजल्यावरील संबंधितांनी' असं आहे.
गोडांबेसाहेबांचं अक्षर सुंदर आहे.
संक्रांतीनंतर त्यांनाच गच्चीत घार सापडली,
पंखात मांजा रुतलेला.
टॉवेलात गुंडाळून घेऊन आले, हात सोलून निघालेले,
दारातच उभे राहिले,
"हे संबंधितांकडेच द्यायचं ना?"
तिचं नाव गच्ची.
रोज संध्याकाळी तीन मजले उतरून तिची चौकशी करायचे.
नोटीस अजून आहे.
त्यांनी काढली नाही, मीही म्हटलं नाही.

शेवटचा रकाना शेरा.
तिथे मी दोनच शब्द लिहिते.
'दिला' म्हणजे घर मिळालं,
'गेला' म्हणजे गेला.
(गच्चीपुढे तेवढं एकदा 'उडाली' लिहिलं.)
दिलेल्यांची नावं बदलतात.
वारजे आता औंधात कोको आहे,
गळ्यात बो लावलेला फोटो आला,
मला ओळखायला वेळ लागला.
गेलेल्यांची बदलत नाहीत.

मागच्या मंगळवारी अन्वर तांबोळींनी पाच पिल्लं आणली,
मिक्सरच्या खोक्यात, डोळे मिटलेली.
कुठली, विचारलं.
"सीटवर ठेवून कुणीतरी उतरलं, ताई.
भाडं देऊन."
दर दोन तासांनी सिरिंजनं दूध,
मग ओल्या बोळ्यानं ढुंगण पुसायचं, त्याशिवाय त्यांना होत नाही.
मांजरीला हे एका जिभेत जमतं.
रविवारपर्यंत दोन राहिली.
गेला, गेली, गेला,
आणि तिन्हींचा तिसरा रकाना कोरा.
पिंजरे धुवायला येणारी ऐश्वर्या म्हणाली, "रिक्षा लिहा ना."
रिक्षा काय,
कुठेही असते.

रात्री दोनचा गजर.
गरम पाण्याची बाटली, तिच्यावर ह्यांचा जुना मोजा.
एकाचे डोळे आज उघडलेत, निळसर, गढूळ,
दिसत काही नसणार.
तरी बघतो.
मी वही ओढली,
तिसऱ्या रकान्यात आमच्याच गल्लीचं नाव लिहिलं
आणि खोडलं.
राहू दे.
दूध निवायच्या आत पाजून घेऊ.